आपोआप चालू झालेला एक नंबर

"सर, कॉम्प्युटर हँग होतो म्हणजे तो नेमका लटकतो कुठं?"

हा प्रश्न माझा नव्हता. प्रगती आणि निकिताचा होता. मधल्या सुट्टीत त्यांनी पैज लावली होती, की हे कुरणे सरांना भर वर्गात विचारून दाखवलंस तर निकिताची नवी सायकल आठवडाभर तुझी. तीन वर्षं झाली या गोष्टीला. मी आठवीत होते. त्या वर्षी माझी उंची चार बोटं वाढली होती आणि मला वर्गाची मॉनिटर केलं होतं. दोन्ही गोष्टी मी स्वतःच्या हिमतीवर मिळवल्यात अशी माझी समजूत होती. त्यामुळे कुणी 'विचारून दाखव' म्हटलं की माझा हात आपला वरच.

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. कुरणे सर हसले नाहीत. सर खरं तर चित्रकलेचे. कॉम्प्युटरचे सर नोकरी सोडून गेल्यापासून लॅबची किल्ली त्यांच्या गळ्यात पडली होती.

"कोण ते? बंडगर का?"

"हो सर."

"चांगला प्रश्न आहे. मला उत्तर येत नाही." सरांनी खडू डबीत ठेवला. "उद्या शनिवार. शाळा सुटली की लॅबमध्ये थांब. कुठं लटकतो ते तूच शोध."

"ही शिक्षा आहे का सर?"

"ते शोधून झाल्यावर सांग."

"गेलीस बाराच्या भावात," प्रगती मागून म्हणाली. मी मात्र निकिताकडं वळून सायकलच्या किल्लीसाठी हात पुढं केला.

लॅबमध्ये दहा कॉम्प्युटर होते, त्यांतले पाच चालायचे. दाराजवळचा तो एक नंबर. प्रिंटर त्यालाच जोडलेला आणि सगळ्यांचे प्रकल्प त्यातच ठेवलेले. दसऱ्याची सुट्टी संपून शाळा भरली त्याच दिवशी तो अडकला. पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजला, कीबोर्ड बडवला तरी ढिम्म. बटण दाबून बंद केला तर पुन्हा सुरू होईना. तासाभरानं झाला आणि परत अडकला. तेव्हापासून रोज तेच. आणि पहिल्यांदा अडकला तेव्हा त्याच्यापुढं वृषाली सनदी बसली होती. तिचा पेनड्राइव्ह त्याला लावलेला होता.

लॅबच्या दारावर कुरणे सरांनी सुंदर अक्षरात लिहून ठेवलं होतं : चप्पल बाहेर. खाऊ बाहेर. पेनड्राइव्ह बाहेर.

वृषाली आमच्याच वर्गात, खिडकीकडच्या शेवटच्या बाकावर. गाव पार सीमेवर, इथं जतमध्ये मावशीकडं राहून शिकायची. घरी कानडी. मराठी बोलायच्या आधी ती वाक्य मनात जुळवून घ्यायची, आणि तेवढ्यात दुसऱ्याच कुणीतरी बोलून टाकलेलं असायचं. दुसरं म्हणजे बहुतेक वेळा मी. तिनं वर्षभर दर पंधरा दिवसांनी बावीस विहिरींचं पाणी मोजलं होतं. दोरीला दगड बांधून, एकटीनं. त्याचे सगळे आलेख एक नंबरमध्ये होते. शाळेतून एकच प्रकल्प सांगलीच्या जिल्हा प्रदर्शनात जाणार होता, आणि तो तिचा होता.

दुसरा क्रमांक माझा. पाण्याची टाकी भरली की आपली आपण वाजणारी घंटा. ती पहिल्यांदा वाजवून दाखवली तेव्हा आई म्हणाली होती, "जतात टाकी भरून वाहती कुणाची गं? टँकर आला की वाजंल अशी काढ की घंटा."

एक नंबर अडकल्यावर सरांनी मिरजेच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्यानं तिकडूनच निदान केलं. "पेनड्राइव्ह लावला होता का कुणी? मग व्हायरसच, सर. फॉर्मॅट मारावा लागंल. पुढच्या सोमवारी येतो." फॉर्मॅट म्हणजे आतलं सगळं पुसून कोरी पाटी करायची. मुख्याध्यापकांनी निकाल दिला : वृषालीनं नियम मोडला, तिला लॅबबंदी, आणि प्रदर्शन त्याच आठवड्यात गुरुवारी आहे, आलेखच राहणार नाहीत तर सांगलीला दाखवणार काय? त्यापेक्षा बंडगरची घंटा जाऊ दे.

पप्पा एसटीच्या आगारात मेकॅनिक. त्यांनी त्या दिवशी अख्ख्या आगाराला पेढे वाटले.

शनिवारी शाळा सुटली आणि मी लॅबमध्ये गेले. दप्तरात पप्पांचा स्क्रू ड्रायव्हर होता आणि डोक्यात त्यांची रीत : आधी नुसतं बघायचं, मग हात लावायचा, मग उघडायचं. मी एक नंबर सुरू केला आणि वहीच्या मागच्या पानावर वेळ लिहिली. कुरणे सर खुर्ची घेऊन शेजारी बसले. हातात पेन्सिल होती म्हणून त्यांनी माझ्या वहीच्या कोपऱ्यात कॉम्प्युटरच काढायला घेतला.

सात मिनिटांनी बाण थिजला.

"लटकला," सर म्हणाले.

बंद केला, परत सुरू केला. या वेळी तीन मिनिटं. तिसऱ्यांदा पडदा नुसता काळा. बटणाचा दिवा लागला आणि विझला.

"त्याला वीस मिनिटं ठेव," मागून आवाज आला. "मग होतो."

दारात वृषाली उभी होती. बाहेर काढून ठेवलेल्या आमच्या चपलांच्या मधोमध.

"सनदी, तुला आत यायची परवानगी नाही," सर म्हणाले.

"आत नाही सर. पायात चप्पल आहे."

सरांनी खाली बघितलं. खरंच होती. ते पुन्हा चित्राकडं वळले.

वीस मिनिटं थांबलो. मग एक नंबर शहाण्या मुलासारखा सुरू झाला आणि बरोबर सात मिनिटांनी परत अडकला. मी वेळा एकाखाली एक लिहिल्या होत्या. विश्रांती दिली की सात, नाही दिली की तीन, मग शून्य.

"सर, व्हायरसला असा दम लागतो का?"

"मला व्हायरसचं चित्र काढायला सांग, काढतो. त्याचा स्वभाव मला ठाऊक नाही."

"डावी बाजू..." वृषाली दारातून म्हणाली. थोडा वेळ गेला. "डाव्या बाजूला हात लाव."

मी हात लावला आणि झटकन काढला. पत्रा चहाच्या पातेल्यासारखा तापला होता.

"सर! हा लटकत नाहीये. ह्याला ताप आलाय!"

सर उठले. त्यांनीही हात लावून बघितला आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर जरा तरतरी आली. "उघडायचा का गं? वॉरंटी..." मग त्यांनीच बोटांवर वर्षं मोजली. "वॉरंटी संपून सहा वर्षं झाली. उघड."

मी पहिला स्क्रू काढते तोच शिपाईमामा दारात. "कुरणे सर, ऑफिसात या. सांगलीचा फोन हाय. प्रदर्शनाला कोण जाणार त्येंचं नाव पायजे म्हणत्यात."

"आलो," सर चपला शोधत म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "पूर्ण नाव काय लिहायचं? सानिका अशोक बंडगर ना?"

"हो सर."

"काही तोडू नकोस. नाव सांगून येतोच."

ते गेले. वृषाली तिथंच उभी होती. मी बाकीचे स्क्रू काढले आणि बाजूचा पत्रा ओढून घेतला.

आत पाठीकडच्या कोपऱ्यात एक छोटा पंखा होता. कॉम्प्युटर चालू असला की तो गरगर फिरायला हवा एवढं मलाही माहीत होतं. मी बटण दाबलं. पंखा नुसता थरथरला. खूप जोर लावूनही दार उघडत नाही तेव्हा माणूस थरथरतो तसा. मी बंद केला आणि मान आत घालून बघितलं.

पात्यांच्या फटीत तांदळाचे दाणे बसले होते. लाल.

खंडेनवमीला लॅबमधल्या यंत्रांची पूजा होती. दहाही कॉम्प्युटरना पुरेल एवढं ताटात काही नव्हतं, म्हणून सरांनी सगळ्यांच्या वतीनं एक नंबरचीच पूजा करायला सांगितली. मॉनिटर म्हणून ताट माझ्या हातात. बाकीच्या मुलींनी हळदकुंकू वाहिलं, एकेक फूल ठेवलं, चिमूटभर अक्षता टाकल्या. माझी पाळी आली तेव्हा मी मूठ भरून अक्षता घेतल्या आणि मोठ्यानं म्हटलं, "हँगासुराय स्वाहा!" सगळे खो खो हसले. मुलं तर बाक वाजवायला लागली. म्हणून मी दुसरी मूठ भरली. कुंकवात भिजवलेले ओले तांदूळ. आणि एक नंबरच्या डोक्यावर ही एवढी जाळी. वरचं सगळं सरांनी नंतर फडक्यानं पुसलं होतं.

"काय आहे?" वृषालीनं विचारलं.

"काही नाही."

मी तिच्याकडं पाठ केली. कंपासपेटीतून कर्कटक काढलं आणि त्याच्या टोकानं एकेक दाणा उचकटायला लागले. वाळून घट्ट बसले होते. अकरा निघाले, आणि झेंडूची एक पाकळी. ते मी डाव्या मुठीत धरले. पात्याला बोट लावलं तर पंखा सहज फिरला.

पत्रा बसवला, स्क्रू आवळले, एका हातानं. बटण दाबलं. आतून घूं असा आवाज आला. सात मिनिटं झाली. दहा झाली. पंधरा मिनिटं झाली आणि पत्रा कोमटसुद्धा झाला नाही.

सर परतले ते दारातूनच ओरडले, "चालू आहे?"

"हो सर."

"काय होतं?"

मला वाटतं त्यांनी हे विचारल्यावर मी उत्तर द्यायला एक क्षणही घेतला नाही. जुळवायला वेळ लागतच नसे मला.

"काही नव्हतं सर. उघडून परत लावला. आपोआप चालू झाला."

"आपोआप!" सर खुर्चीत बसले. "अगं, मग तर तो व्हायरसच. मिरजवाला म्हणालाच होता, कधी येतो कधी लपून बसतो. बरं झालं सोमवारी फॉर्मॅट होतोय. एकदाचं सगळं साफ."

दारातून वृषाली म्हणाली, "सर, आता चालू आहे तर... मी माझे आलेख... काढून घेऊ का?"

"कशात काढणार? पेनड्राइव्हमध्ये?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"त्या दिवशीही तेच करत होतीस ना?"

"हो सर. एक प्रत... मावशीच्या शेजाऱ्यांना दाखवायची होती. त्यांची विहीर आहे त्यात."

"मुख्याध्यापकांना विचारल्याशिवाय मला काही करता येत नाही गं. आणि ते आता सोमवारीच येतील." सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी माझ्या वहीतलं चित्र पूर्ण केलं, खाली तारीख घातली आणि वही मला दिली. "शाबास बंडगर. शिक्षा नव्हती ती."

त्यांनी कुलूप लावलं आणि गेले. मी चपला घालत होते, मूठ अजून मिटलेली.

"पंखा फिरत नव्हता ना?" वृषाली म्हणाली.

"कशावरून?"

"आधी आवाज यायचा. घूं असा. दसऱ्यानंतर आला नाही. आज आला."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. ती वाक्य जुळवत होती आणि मी पहिल्यांदाच थांबले.

"सांगतच होते," ती म्हणाली. "तू म्हणालीस, व्हायरस आहे, पेनड्राइव्हमुळं आलाय. सगळ्यांच्या आधी तूच म्हणालीस."

मी म्हणाले होते. अगदी मोठ्यानं. व्हायरसबद्दल मला तेव्हा एवढंच माहीत होतं, की तो शब्द वापरला की लोक गप्प बसतात.

निकिताच्या सायकलवरून घरी आले. वाटेत ओढ्याच्या पुलावर मूठ उघडली. हात लाल झाला होता.

दुपारी पप्पा जेवायला घरी आले होते. आईनं भाकरी वाढली.

"काय डॉक्टर? सापडलं का दुखणं?"

"चालू झाला पप्पा."

"कशानं?"

"आपोआप."

पप्पांनी मोडलेला तुकडा ताटात ठेवला. "आपोआप म्हंजे?"

"म्हणजे... झाला."

"असं आमच्याकडं कुणी लिवलं तर गाडी पुन्यांदा दुरुस्तीच्या खड्ड्यावर घ्यायला लावत्यात. आपोआप बंद पडत न्हाई, आपोआप चालू होत न्हाई. कुणीतरी कायतरी केल्यालं असतंय. ते घावलं न्हाई तर तीच गाडी चढाला दगा देती. ते बी पाशिंजर भरल्यालं असताना."

"जेवू द्या की लेकराला," आई म्हणाली. "कॉम्प्युटर म्हंजे काय तुमची एसटी हाय व्हय?"

"म्या काय वाईट सांगतोय का? मग आता पुढं काय करणार त्येचं?"

"सोमवारी फॉर्मॅट करणार आहेत. आतलं सगळं पुसून टाकायचं."

"आँ? रोग कळला न्हाई म्हणून पेशंटचं डोस्कं रिकामं करायचं? कसला दुरुस्तीवाला म्हणायचा ह्यो!" पप्पांनी आमटीचा भुरका मारला. "आन त्या डोसक्यात हाय काय?"

"विहिरी," मी म्हणाले. "बावीस."

"कुणाच्या?"

"सनदीच्या. वर्षभर मोजल्यात तिनं. आलेख आहेत."

"मग पोरीनं वहीत लिवून ठिवलं आसंल की."

"आकडे आहेत वहीत. आलेख पन्नासच्या वर आहेत. गुरुवारपर्यंत नाही होणार."

पप्पा 'हं' म्हणाले. आईनं माझा हात धरला आणि उलटा करून बघितला. "हे कुंकू कशाचं गं?"

"लॅबमधलं. पूजेचं," मी म्हणाले आणि हात धुवायला उठले. ताटात अर्धी भाकरी तशीच राहिली होती.

रविवारी पप्पांना सुट्टी. सकाळपासून ते अंगणात प्लायवूडचा तुकडा मांडून बसले होते. त्याला पांढरा रंग देऊन झाला होता, आता वर लाल अक्षरं चालली होती. घंटा वर, टाकीचा डबा खाली आणि मधे माझं नाव. आई ओसरीवर माझा गणवेश इस्त्री करत होती. तिनं रिबिनीसुद्धा इस्त्री केल्या. मधेच उठून डब्यात तांब्याभर पाणी ओतलं, घंटा ठणठणली, आणि शेजारच्या काकू बाहेर येऊन म्हणाल्या, "आला का टँकर?" आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

मी पायरीवर बसले होते. पप्पांनी 'सानिका' लिहिलं. वेलांटी जरा जाड झाली म्हणून फडक्याच्या टोकानं टिपली. मग 'अशोक' सुरू केलं. आगारातले चार जण गुरुवारची रजा टाकणार होते, मला सांगलीत बघायला. एकाची तर ड्यूटी त्याच गाडीवर लावून घेतली होती. पप्पा लिहिता लिहिता हे सगळं सांगत होते. 'अ' झाला. 'शो' झाला.

"पप्पा, पुढचं लिहू नका."

"का गं? चुकलं का कुठं?"

"नाव चुकलंय."

पप्पांनी पाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. कुंचल्यावरचा रंग खाली ओघळायला लागला होता. आईनं इस्त्री उभी केली.

"बरं वाटत न्हाई का तुला?" ती म्हणाली. "कालपासनं नीट जेवली न्हाईस."

"मला बरं आहे. आई, तू मधे बोलू नकोस हं, मला एका दमात सांगू दे. एक नंबर आपोआप चालू झाला नाही. त्याच्या पंख्यात अक्षता अडकल्या होत्या, त्या मी काढल्या. आणि पूजेच्या वेळी आत टाकल्या होत्या त्याही मीच. मूठभर. दोनदा. सगळे हसले म्हणून. वृषालीच्या पेनड्राइव्हचा काही संबंध नाही. काल मला सगळं कळलं होतं आणि मी सरांना सांगितलं नाही."

शेजारच्या काकू अजून कुंपणापाशीच होत्या. आईनं त्यांच्याकडं नुसतं बघितलं, तशा त्या आत गेल्या.

"अगं पण," आई हळूच म्हणाली, "तिकडं तुझं नाव गेलंय न्हवं? फोनवर सांगितलंय सरांनी. आता कशापायी..."

पप्पांनी तिला हातानं थांबवलं. त्यांनी कुंचला डब्यावर आडवा ठेवला आणि फडक्यानं बोटं पुसत माझ्याकडं बघत राहिले. पाचही बोटं पुसून झाली.

"मग?" ते म्हणाले. "काय ठरीवलंस?"

मी उभी राहिले.

"उद्या साडेसातला मी शाळेच्या दारात असणार. मिरजवाला यायच्या आधी. आधी कुरणे सरांना सांगणार, मग मुख्याध्यापकांना, आणि मग प्रार्थनेला सगळ्यांसमोर, कारण मी व्हायरस म्हणाले होते ते सगळ्यांसमोरच म्हणाले होते. मॉनिटरपद काढलं तर काढू देत. आणि सांगलीला मी जाणार नाही. वृषाली जाणार. तुम्ही नको म्हणालात तरी."